शिये की भुये? वॉकीटॉकीच्या स्पीकर माईकच्या नोंदी

१२ एप्रिल

यंदा पावसाळ्याआधी एक काम संपवायचं ठरलंय. कोल्हापुरातल्या आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या गटातल्या सगळ्यांच्या हँडसेटना चालतील असे स्पीकर माईक (वायरीनं सेटला जोडून खांद्याला अडकवायचे, बोलायचे आणि ऐकायचेही) निवडायचे, तपासायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटून मोकळं व्हायचं.

पंचगंगेला पूर आला की आमच्यातले काही जण बोटीबरोबर जातात, काही जण काठावर थांबून पाण्याची पातळी कळवतात, आणि एक जण पन्हाळ्याच्या अंगाला उंचावर बसून निरोप पुढं देतो. बोटीतल्या माणसाचा एक हात दोरीला, दुसरा बोटीत चढणाऱ्या म्हातारीला. अंगात रेनकोट, वर लाईफ जॅकेट, आणि सेट आत कुठंतरी कमरेला. बोलायचं म्हटलं की चेन उघडा, सेट बाहेर काढा, भिजवा, परत आत घाला. माईक खांद्याला अडकवलेला असला की नुसती मान वळवून काम होतं.

माझी अट एकच, आणि ती दुकानात तपासता येत नाही. या माईकमधून बोललेलं 'शिये' पलीकडच्याला 'शिये'च ऐकू आलं पाहिजे आणि 'भुये' हे 'भुये'च. दोन्ही गावं शेजारी, दोन्ही नदीकाठाजवळ, आणि खरखरणाऱ्या सेटवर दोघांचं नुसतं '...ये' उरतं. बोट कुठल्या गावाला वळवायची हे त्या अर्ध्या अक्षरावर ठरणार असेल तर माईक कितीही दणकट असला तरी मला नको.

सेट असे आहेत: बहुतेकांकडे बाओफेंगचे यूव्ही-५आर, एकाकडे त्याच कंपनीचा पाण्यात चालणारा यूव्ही-९आर, आबांकडे याएसूचा एफटी-६०आर, आणि सरांकडे आयकॉमचा आयसी-व्ही८०. हे सगळे हॅम, म्हणजे परवाना आणि कॉलसाईन (रेडिओवरचं ओळखनाव) असलेले हौशी रेडिओवाले. परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या हातात अजून पीटीटी (दाबून बोलायचं बटण) द्यायचं नाही, ती फक्त ऐकणार. ४४६ मेगाहर्ट्झवरच्या विनापरवाना छोट्या सेटांचा विषय वेगळा, तो या यादीत नाही.

१६ एप्रिल

सगळ्यांचे सेट टेबलावर मांडले. माईक बघायच्या आधी भोकं बघितली, कारण भांडण सगळं तिथंच आहे.

यूव्ही-५आरच्या बाजूला रबरी झाकणाखाली दोन भोकं आहेत, एक ३.५ मिलिमीटरचं, एक २.५चं. बाजारात याला 'केनवूड पिन' म्हणतात, ऑनलाईन 'के-वन' म्हणूनही सापडतं. केनवूडच्या हँडसेटवरून ही पद्धत आली आणि वूशुन, टीवायटी, क्वानशेंग अशा कितीतरी चिनी कंपन्यांनी तीच उचलली. टीवायटीच्या एमडी-३८० या डिजिटल सेटलाही हीच पिन. त्यामुळं या घराण्यात माईकला तोटा नाही. तोटा नाही म्हणून निवड सोपी, असं मात्र नाही.

सरांच्या आयकॉमलाही दोनच भोकं, त्याच मापांची. बघणाऱ्याला वाटतं एकच. पण केनवूड पद्धतीत माईक जाड पिनेवर आणि स्पीकर बारीक पिनेवर असतो, आयकॉममध्ये बरोबर उलटं. दोन भोकांमधलं अंतरही वेगळं, म्हणून जोडपिन सहसा आत जातच नाही. एका अर्थी बरंच आहे. शिवाय आयकॉमला पीटीटीसाठी वेगळी तार नसते. माईकच्याच तारेला रेझिस्टरमार्गे जमीन मिळाली की सेट प्रसारणावर जातो. त्यामुळं दोन पिना तोडून दुसऱ्या अंतरावर बसवल्या तरी माईक चालणार नाही, आतलं सर्किटच बदलावं लागेल.

शिरोली एमआयडीसीत सुरक्षेचं काम बघणाऱ्या मित्रानं त्यांच्याकडचा जुना माईक आणून दिला होता. "चांगल्या कंपनीचा हाय, ठेव." कंपनी चांगलीच आहे, मोटोरोला. पण तो तिसऱ्याच घराण्यातला. पिना दोन, मापं तीच, अंतर पुन्हा निराळं. परत दिला. त्याला थोडं वाईट वाटलं.

आबांच्या एफटी-६०आरला एकच ३.५चं भोक, चार भाग असलेल्या पिनेचं. आमच्यातला एक पोरगा लगेच म्हणाला, "ही तर मोबाईलच्या हेडफोनची पिन, माझा लावून बघू?" लावायचा नाही. पिन दिसायला तीच, पण चार भागांवर कुठल्या तारा आहेत ते मोबाईलसारखं नाही. या सेटचा कंपनीचा माईक एमएच-३४बी४बी. आबांकडं तो आहेच, जपून ठेवलेला, डब्यासकट.

यूव्ही-९आरला भोकच नाही. सपाट धातूचे ठिपके आणि मधे स्क्रू, त्यावर माईकची जोडणी दाबून आवळायची. पाण्यासाठी हीच रचना सगळ्यात चांगली, पण तिचा माईक दुसऱ्या कुणाच्या सेटला चालणार नाही.

म्हणजे मोठी खरेदी एकाच प्रकारची: केनवूड पिनेचा माईक, यूव्ही-५आरसाठी. बाकी तिघांचं ज्याचं त्याचं.

१९ एप्रिल

शाहूपुरीत गेलो.

"बाओफेंगला माईक हाय का?"
"हाय की. कुठला पण बसतोय."
"बसतोय, पण चालतोय का?"
"आता बसतोय म्हटल्यावर चालणार न्हाय व्हय?"

दुकानदाराची चूक नाही, त्याच्याकडं येणारं गिऱ्हाईक एवढंच विचारतं. बरोबर सेट नेला होता, म्हणून त्यानंही उत्साहानं चार-पाच प्रकार काढले. त्याच फळीवर बिननावाचे वॉकीटॉकीही होते. मी ईटीए प्रमाणपत्राचं (रेडिओ उपकरणाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचं) विचारल्यावर त्यानं विषय बदलला. माईक घ्यायला ती अडचण नाही, माईक स्वतः काही प्रसारित करत नाही. पण सेट घेणाऱ्यानं वारंवारतेचं आणि प्रमाणपत्राचं विचारलंच पाहिजे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे २०२५ मध्ये ऑनलाईन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गोंधळामुळं.

तीन नमुने आणले. नावं न लिहिता अ, ब, क म्हणतो, कारण एकाच साच्यातला माईक पाच वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि नावावरून आतलं काही कळत नाही.

अ: हलका, पातळ प्लास्टिकचा, सगळ्यात स्वस्त. गुंडाळीदार वायर बारीक.
ब: जाड, हातात भरणारा, खाली इअरफोनसाठी ३.५चं भोक. पीटीटीचं बटण मोठं.
क: पाणीरोधक म्हणून विकलेला, खोक्यावर आयपी६७. वायर जाड आणि ताठ.

२० एप्रिल

आज सेटला काहीच लावलं नाही, फक्त मल्टिमीटर. नवा माईक थेट सेटमध्ये खुपसण्याआधी एवढं करायला पाच मिनिटं पुरतात. गटातल्या सगळ्यांना दाखवता यावं म्हणून नीट लिहून ठेवतो.

पिनेचे भाग असे ओळखायचे: टोक, मधलं कडं (असलं तर), आणि मुळाकडचा लांब भाग. केनवूड पद्धतीत स्पीकर २.५च्या टोकावर येतो. माईक ३.५च्या मधल्या कड्यावर. आणि पीटीटी दाबलं की दोन्ही पिनांचे मुळाकडचे भाग एकमेकांना जोडले जातात.

म्हणून मीटर 'बीप'वर ठेवून एक टोक जाड पिनेच्या मुळाशी, दुसरं बारीक पिनेच्या मुळाशी. बटण न दाबता गप्प राहिलं पाहिजे, दाबल्यावर वाजलं पाहिजे, सोडल्यावर लगेच थांबलं पाहिजे. मग बटण कडेला दाबून बघायचं, तिरकं दाबून बघायचं, अंगठा ओला करून बघायचं. अ चं बटण डाव्या कडेला दाबलं की बीप तुटत होता. बोलताना मधले शब्द गाळणारा माईक तो हाच.

मग स्पीकर. मीटर ओहमवर घेऊन २.५च्या टोकाला लावला की माईकमधून बारीक 'खट्' ऐकू येतं. ते आलं म्हणजे स्पीकर जिवंत आणि जागेवर. ८ ओहमच्या स्पीकरला मीटरवर आठाच्या थोडं खालीच आकडा येतो, कारण मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. ब आणि क तसेच निघाले. अ जवळपास दुप्पट, म्हणजे १६ ओहमचा. त्यात दोष काही नाही. तेवढ्याच व्होल्टेजला त्याच्यात निम्मी शक्ती जाते, ३ डेसिबलनं आवाज खाली, इतकंच. ४ ओहमचा स्पीकर आत निघाला तर मात्र मी तो माईक सेटला लावणार नाही, सेटच्या ॲम्प्लिफायरवर ओझं येतं.

माईकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारी छोटी डबी, इलेक्ट्रेट प्रकारची असते. तिला चालायला सेटकडून थोडं व्होल्टेज लागतं, तेही त्याच ३.५च्या कड्यावरून येतं. कॅप्सूलच्या मागं दोन टाचे (तारा सोल्डर करायच्या जागा) असतात, त्यातला जो धातूच्या डबीला चिकटलेला तो ऋण. उलटी जोडलेली असली तर माईक मुका राहतो किंवा फार लांबून बोलल्यासारखा येतो. तिन्ही खोलून बघितले, तिघांचंही बरोबर होतं.

२३ एप्रिल

आता सेटला लावले. ब लावल्याबरोबर सेटचा लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. बटणाला हात नव्हता.

कारण डोळ्यांना दिसत होतं. ब च्या पिनेभोवतीचं प्लास्टिक रुंद आहे. सेटच्या भोकांभोवती खोबण आहे, त्या खोबणीच्या कडेला ते प्लास्टिक अडतं आणि पिन शेवटचा मिलिमीटरभर आत जात नाही. अर्धवट बसलेल्या पिनेचे भाग आतल्या भलत्याच पत्र्यांना टेकतात, आणि सेट समजतो की पीटीटी दाबलंय. असा एक सेट चिकटून बसला की पूर्ण वाहिनी बंद, बाकी कुणालाच बोलता येत नाही. पुराच्या वेळी यापेक्षा वाईट काही नाही.

दुसऱ्या एका यूव्ही-५आरला तोच माईक नीट बसला! एकाच मॉडेलच्या दोन सेटांच्या कवचातही इतका फरक आहे. म्हणजे 'या मॉडेलला चालतो' हे वाक्यही पुरेसं नाही, ज्याचा माईक त्याच्याच सेटवर बघायचा.

कानशीनं ब च्या खांद्याचं प्लास्टिक चारी बाजूंनी थोडं उतरवलं. आता 'टक्' आवाज येऊन बसतो.

सोबत सगळ्या सेटांवर टीओटी, म्हणजे सलग प्रसारणाची वेळमर्यादा, तपासलं. यूव्ही-५आरमध्ये मेन्यू ९, १५ सेकंदांपासून ६०० पर्यंत ठेवता येतं. ६० वर आणलं. चिकटलेला सेट मिनिटभरात स्वतःच गप्प होईल. आणि व्हॉक्स (आवाज आला की आपोआप प्रसारण) सगळ्यांचं बंद, नाहीतर वाऱ्यानं फडफडणारा रेनकोटच प्रसारण सुरू करेल.

२७ एप्रिल

आज खरी परीक्षा. सर पन्हाळ्यावर, मी पंचगंगा घाटावर. सरळ रेषेत अंतर साधारण १६ किलोमीटर, मधे आडवं काही नाही, थेट सेट ते सेट. मी कुठल्या माईकवरून बोलतोय ते सांगायचं नाही, सरांनी ऐकलं ते वहीत लिहायचं.

यादी मुद्दाम वाईट केली होती: शिये, भुये, निगवे, वडणगे, केर्ली, चिखली, आंबेवाडी. आकडे: एकोणचाळीस, एकेचाळीस, त्रेचाळीस. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ला आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. 'एकेचाळीस'चं 'त्रेचाळीस' झालं तर पलीकडं धावपळ उडणार.

यातली शिये-भुये ही जोडी चाचणीला फार उपयोगी आहे हे बोलताना लक्षात आलं. 'श'चा जीव वरच्या पट्टीत असतो. वॉकीटॉकीवरून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्यामुळं 'श' मुळातच अर्धा कापला जातो. त्यात माईकनं वरची पट्टी आणखी दाबली तर 'शिये'चं 'इये' होतं. 'भ'चं उलटं. त्याला तोंडातून वाऱ्याचा झोत लागतो, तो कॅप्सूलवर सरळ आदळला की 'भप्' होतं आणि पुढचं अक्षर बुडतं. एक शब्द वरचं टोक तपासतो, दुसरा खालचं.

सरांच्या वहीतलं:

अ: 'शिये' स्वच्छ. पण सगळ्या बोलण्यामागं घरघर, जणू पिठाच्या गिरणीत बसून बोलतोय. आकडे चुकले.
ब: दोन्ही गावं बरोबर, आकडे बरोबर. आवाज थोडा कोरडा.
क: 'शिये' प्रत्येक वेळी 'इये'. निगवे, चिखली बरोबर.

क ला जाळीआड पाणी अडवणारा पडदा आहे, तो वरची पट्टी खातो. अपेक्षित होतं, इतकं असेल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सरांनी फोनवर सांगितली. तोंड माईकला अगदी चिकटवून बोललेलं सगळ्यांत वाईट येत होतं. चार बोटं अंतर आणि थोडं तिरकं, हे तिन्ही माईकना मानवलं.

१ मे

सुट्टी. अ च्या घरघरीचा छडा लावला. हाय पॉवरवर घरघर, लो पॉवरवर बोलणं स्वच्छ. म्हणजे कॅप्सूल चांगली आहे, अँटेनातून निघालेली रेडिओ लहर माईकच्या वायरीवरून परत आत शिरतेय. कॅप्सूलच्या दोन टाच्यांवर ४७१ छापलेला सिरॅमिक कॅपॅसिटर, म्हणजे ४७० पिकोफॅरड, पाय शक्य तितके आखूड ठेवून सोल्डर केला. घरघर जवळजवळ गेली. ब मध्ये असा कॅपॅसिटर कारखान्यातूनच होता. अ मध्ये त्याच्यासाठी जागा छापलेली आहे, नग मात्र बसवलेला नाही. काही पैशांची बचत.

५ मे

आवाजाच्या जोराबद्दल. पोरांचं म्हणणं माईक 'फुल वाजला' पाहिजे. गणपतीत महाद्वार रोडवर डॉल्बी चालू असताना ऐकू यायला हवं, हे त्यांचं माप. त्या आवाजात कुठलाच स्पीकर माईक पुरणार नाही, तिथं इअरफोनच हवा. ब च्या खालच्या भोकाचा उपयोग इथं आहे. त्यात साधा ऐकण्याचा इअरफोन घातला की बाहेरचा स्पीकर बंद होतो आणि बोलणं माईकमधूनच राहतं.

पावसात मात्र इअरफोन नको, कान उघडा हवा. बोटीत शेजारचा माणूस ओरडून काय सांगतोय तेही ऐकायचं असतं. माईक कॉलरच्या हाडाजवळ अडकवला की स्पीकर कानापासून वीतभर राहतो, तेवढ्यात ब चं मधल्या आवाजावरही भागतं.

१० मे

पाणी. मोरीत शॉवर चालू करून तिन्ही माईक आळीपाळीनं खाली धरले. सेट बाहेर कोरडे, मी पण बाहेर, फक्त हात आत. बायकोनं विचारलं, "हे कधी संपणार?"

आयपी६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. क ला शॉवरचं काहीच वाटलं नाही. पण तो ज्या सेटला लावायचा त्या यूव्ही-५आरचं रबरी झाकण माईक लावायला उघडावंच लागतं, आणि उघड्या भोकाला आयपी वगैरे काही नाही. माईक वाचणार, सेट बुडणार. क ची सगळी किंमत त्या एका भोकापाशी वाया जाते. यूव्ही-९आरच्या आवळायच्या जोडणीबरोबरच असल्या माईकला अर्थ आहे.

ब मध्ये पाणी गेलं नाही, पण कॅप्सूलच्या छोट्या भोकावर थेंब बसला की आवाज एकदम मरतो. झटकला की परत येतो. हे शिकवायला हवं: बोलण्याआधी माईक एकदा झटकायचा. आणि अडकवताना भोक खालच्या अंगाला येईल असा.

भोकावरून आठवलं. निम्म्या लोकांना ते भोक कुठं आहे हेच माहीत नसतं. सगळे स्पीकरच्या जाळीत बोलतात, कॅप्सूल मात्र कोपऱ्यात असते. नेलपॉलिशचा ठिपका लावला. रंग बायकोच्या पसंतीचा.

अ नं शॉवरखाली राम म्हटलं.

१७ मे

बोटीवर सराव. पाणी संथ होतं, पण लाईफ जॅकेट, रेनकोट, हातमोजे सगळं चढवून.

माईकपेक्षा सेट कुठं ठेवायचा यावरच जास्त शिकायला मिळालं. स्पीकर माईक आला की माणूस सेट कमरेला लावून मोकळा होतो, आणि अँटेना ओल्या अंगाला चिकटते. शरीर लहर शोषतं, अँटेनाची जुळणीही बिघडते. घाटावरून पन्हाळ्याला स्वच्छ जाणारा आवाज बोटीत कमरेवरून तुटक जात होता. तोच सेट पारदर्शक प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्याला, अँटेना डोक्याच्या वर येईल असा बांधला, माईक दुसऱ्या खांद्याला, आणि सरांनी लगेच विचारलं, "पॉवर वाढवलीस काय?" प्लास्टिकमधून लहर आरपार जाते, पाऊचनं काही अडत नाही.

माईकची वायर पाऊचच्या खालून बाहेर काढायची आणि सेटकडं जाण्याआधी तिला खाली झोल द्यायचा. पाणी वायरीवरून ओघळत झोलाच्या तळाशी येऊन पडतं, भोकापर्यंत चढत नाही.

पिन ओढ बसली की निसटते. केनवूडच्या काही व्यावसायिक सेटांना पिन आवळायचा स्क्रू असतो, यूव्ही-५आरला तो नाही. सायकलच्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापून सेट आणि पिनेवरून चढवलं. बोटवाला म्हणाला, "हे भारी केलासा." गोंदानं चिकटवायचा विचार आधीच बाद, कारण प्रोग्रॅमिंगची केबलही त्याच भोकात जाते.

क ची जाड ताठ वायर जॅकेटच्या बकलात दोनदा अडकली. ब ची गुंडाळी सैल आहे, लांबते आणि परत येते. हातमोजे घालून ब चं बटण सापडतं, क चं सापडत नाही.

एकाच बोटीत दोन सेट उघडे असले की एकानं बोलताना दुसऱ्यातून 'कुईं' होतं. बोटीत एकच स्पीकर चालू ठेवायचा, दुसऱ्याचा आवाज शून्यावर.

२० मे

ब्लूटूथ माईकचा आग्रह होता. भोकात छोटा डोंगल, माईक वायरीविना. घरात मजा येते. पण त्याला आणखी एक बॅटरी चार्ज करायची, पीटीटी दाबल्यावर पहिलं अक्षर गिळलं जातं, आणि 'शिये'चं पहिलं अक्षरच तर हवंय. नको.

२४ मे

सरांच्या आयकॉमसाठी आयकॉम पद्धतीचाच माईक मागवला. ॲडॅप्टर मिळत होता, केनवूड माईक आयकॉमला जोडणारा. मी विचारलं पीटीटीसाठी आत रेझिस्टर आहे का, विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही. आयकॉमच्या हँडसेटांत तो ३३ किलोओहमचा असतो. नुसता आकार बदलणाऱ्या ॲडॅप्टरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

यूव्ही-९आरला त्याचाच आवळायचा माईक. आबांचं ठरलेलंच आहे, ते कुणाचं ऐकणार नाहीत आणि त्यांना ऐकायची गरजही नाही.

३० मे

यूव्ही-५आरसाठी ब. कारणं वर आहेत. खरं सांगायचं तर ब कशातच पहिला नाही. वायर त्याहून मजबूत मिळते, पाण्याला क चांगला, वजनाला अ चांगला. पण पन्हाळ्यावर बसलेल्या माणसानं न विचारता बरोबर लिहून घेतला तो हाच. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातले घेतले. दर माणशी एक आणि वर थोडे जादा, कारण यातली वायर तुटणारच. ती पिनेच्या तोंडाशी तुटते, माईकच्या बाजूला क्वचित. जुन्या अ ची पिन आणि वायर कापून सुट्या भागांच्या डब्यात टाकली.

६ जून

माल आला. प्रत्येक नगावर २० एप्रिलची मीटरची तपासणी केली. एकाचं पीटीटी सोडल्यावरही वाजत राहिलं, तो परत. बाकी सगळ्यांच्या पिनेचं प्लास्टिक कानशीनं उतरवलं, मग ज्याचा माईक त्याच्या सेटवर बसवून 'टक्' ऐकला. एका सेटला कानस मारूनही 'टक्' येईना. त्या सेटच्या खोबणीची कड ब्लेडनं तासली.

प्रत्येक माईकला मागं कॉलसाईनची पट्टी, भोकाशी ठिपका, ट्यूबचं कडं, पाऊच. अदलाबदल करायची नाही असं बजावलं.

आकडे बोलण्याची पद्धतही आज ठरवली. 'त्रेचाळीस' म्हणायचं नाही, 'चार-तीन फूट' म्हणायचं. गावाचं नाव दोनदा, आणि शिये-भुयेसाठी सोबत खूण: 'शिये, फाट्याचं'. भुयेला काय खूण द्यायची यावर एकमत झालं नाही. रविवारी बसून ठरवू.

राहिलेलं: सरांचा आयकॉमचा माईक अजून वाटेत आहे. दोन नव्या पोरांचे सेट तपासायचे. जादा माईकपैकी एक पन्हाळ्यावरच्या पेटीत ठेवायचा.